खेळण्यातल्या आगगाडीची तुटलेली वायर: जोडायची कशी, आणि पुन्हा तुटू नये म्हणून काय करायचं

दोन पेन्सिल सेलवर चालणारी, प्लॅस्टिकच्या रुळांवर गोल फिरणारी आगगाडी बंद पडली की बहुतेक घरांत आधी सेल बदलले जातात. मग इंजिन एकदा तळहातावर आपटून पाहिलं जातं आणि त्यानंतर गाडी माळ्यावर जाते. खरं तर अशा गाडीत बिघडण्यासारखं फार थोडं असतं. दोन सेल, त्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा, एक सरकता स्विच, एक छोटी मोटर आणि हे सगळं जोडणाऱ्या तीन-चार बारीक वायरी. दिवा आणि शिट्टी असेल तर त्यासाठी एक नखाएवढी सर्किटची पाटी. मोटर क्वचितच जळते. गाडी बंद असते ती वायर तुटल्यामुळे किंवा सेलच्या पट्टीला गंज चढल्यामुळे, आणि ही दोन्ही कामं घरी होण्यासारखी आहेत.

वायर नेमकी कुठे तुटते आणि का

दुरुस्तीला हात घालण्याआधी हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण नुसती वायर जोडली तर ती महिन्याभरात त्याच जागी पुन्हा तुटते.

खेळण्यातल्या वायरीत तांब्याच्या पाच-सात बारीक तारा एकत्र वळलेल्या असतात. कारखान्यात ती मोटरच्या किंवा पट्टीच्या पायाला, म्हणजे वायर जोडायच्या पत्र्याच्या टोकाला, सोल्डर करताना वितळलेलं सोल्डर (लवकर वितळणारा, जोड देणारा मिश्रधातू) तारांच्या फटींतून वर चढतं, जशी दिव्याच्या वातीत तेल चढतं. जिथपर्यंत सोल्डर चढलं तिथपर्यंत वायर खिळ्यासारखी ताठ होते. त्याच्या पुढे ती मऊच असते. वायर हलली की सगळा बाक या ताठ आणि मऊ भागांच्या सीमेवर येतो. तिथली एकेक तार तुटत जाते आणि शेवटची तुटली की गाडी थांबते. म्हणून वायर मधोमध तुटलेली फारशी सापडत नाही. ती टोकाला, सोल्डरपासून दोन-तीन मिलिमीटरवर तुटते. बऱ्याचदा वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं, त्यामुळे नुसत्या नजरेला काही दिसत नाही.

दुसरं कारण सेलची गळती. गळलेल्या सेलमधलं द्रावण पट्टीवरून वायरीच्या तारांमध्ये शिरतं आणि प्लॅस्टिकच्या आतून बरंच वर चढतं. बाहेरून लाल दिसणारी वायर सोलली की आत काळी, भुसभुशीत तार निघते. या तारेवर सोल्डर धरतच नाही.

तिसरं कारण साधं आहे. आधी कोणीतरी गाडी उघडलेली असते आणि बंद करताना वायर दोन कवचांच्या मध्ये किंवा स्क्रूच्या खांबाखाली चेपलेली असते.

लागणारं सामान

२५ वॅटची सोल्डरिंग गन, टोकदार बिटची. ६० वॅटची नको, तिने प्लॅस्टिक क्षणात वितळतं. आत रेझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लागणारा पदार्थ) असलेली ६०/४० सोल्डर वायर, शक्यतो बारीक, एक मिलिमीटरच्या आतली. साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारं मीटर. वायर सोलण्यासाठी स्ट्रिपर; तो नसेल तर नखं कापायचा नेलकटर हलक्या हाताने दाबून चालतो. बारीक पक्कड, चिमटा, पॉलिश पेपरचा १२०० नंबरचा तुकडा, दोन आणि तीन मिलिमीटर व्यासाची हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी.

वायर घेताना दुकानात लवचीक हुकअप वायर मागा. ७/३६ म्हणजे ३६ गेजच्या सात तारा. इंजिनाच्या आतल्या कामाला ती पुरते. पण जी वायर गाडी चालताना सतत हलते, उदाहरणार्थ इंजिन आणि सेल असलेला मागचा डबा यांच्यामधली, तिच्यासाठी सिलिकॉनचं आवरण असलेली २६ किंवा २८ एडब्ल्यूजीची (अमेरिकन वायर गेजची) वायर घ्या. तिच्यात तारा कितीतरी जास्त आणि कितीतरी बारीक असतात, म्हणून ती वाकून वाकून लवकर थकत नाही. घरात पडलेली एकाच जाड तारेची वायर इथे वापरू नका. ती चार दिवसांत मोडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं सुटं मिळतं आणि गावच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेही मीटर-दीड मीटर वायर मिळून जाते.

६०/४० सोल्डरमध्ये शिसं असतं. काम करताना लहान मूल शेजारी बसवू नका, खिडकी उघडी ठेवा, सांडलेले सोल्डरचे कण ओल्या कागदाने टिपून टाका आणि हात साबणाने धुतल्यावरच काही खा. शिसं नकोच असेल तर लेड-फ्री सोल्डर मिळतं. ते साधारण २२० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे ६०/४० पेक्षा तीस-चाळीस अंश जास्त, त्यामुळे प्लॅस्टिकजवळ हात आणखी चपळ हवा.

उघडण्याआधी लक्षणं वाचा

गाडी काय करते आणि काय करत नाही, यावरूनच अर्धा शोध लागतो.

दिवा लागतो, शिट्टी वाजते, पण चाक फिरत नाही: सेल, पट्ट्या आणि मुख्य वायरी बहुधा ठीक आहेत. दोष मोटरच्या दोन वायरींत किंवा मोटरच्या पुढे. काहीच होत नाही: सेल, पट्टी, स्विच किंवा सेलकडून येणारी वायर. सेलचं झाकण दाबलं की चालते, सोडलं की थांबते: स्प्रिंग दबून बसली आहे किंवा पट्टीवर गंज आहे. वळणावर थांबते आणि सरळ रुळावर चालते: इंजिन आणि डब्यामधली वायर आतून तुटली आहे. हातात उलटी धरली की चाकं जोरात फिरतात, रुळावर ठेवली की गाडी गळून जाते: कुठेतरी जोड कच्चा आहे, सेल उतरले आहेत किंवा चाकाच्या दांड्याला केस गुंडाळले गेले आहेत. मोटर गुणगुणते, पण चाक ढिम्म: हा वायरीचा दोष नाही, गिअर तपासा. मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या पिनियनला (दातेरी चाकाला) तडा गेला की ती दांड्यावर नुसतीच घरंगळते.

सेल मीटरवर तपासा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. नवा अल्कलाइन सेल १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो. १.२ च्या खाली आला असेल तर मोटरच्या कामाचा राहिलेला नाही, मग तो भिंतीवरचं घड्याळ भले वर्षभर चालवेल. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल मात्र मुळात १.२ व्होल्टचेच असतात. त्यांवर गाडी जरा हळू चालते, तो बिघाड नव्हे.

उघडताना

आधी सेल काढा. मग मोबाइलवर फोटो काढत जा: झाकण काढल्यावर एक, कवच उघडल्यावर एक, आणि मोटरच्या व स्विचच्या पायांचा जवळून एक. लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण हा नियम स्वस्त खेळण्यांत नेहमी पाळलेला नसतो. हाताला आली ती वायर लावलेली असते. त्यामुळे रंगावर न विसंबता कुठली वायर कुठल्या पायाला होती, हे फोटोत हवं. साध्या गाडीत मोटरच्या वायरी उलट लागल्या तर गाडी फक्त मागे धावेल. पण सर्किटच्या पाटीला सेलचं धन-ऋण उलट दिलं, तर तिच्यावरचा काळ्या ठिपक्याखालचा चिप कायमचा जाऊ शकतो, आणि तो बदलून मिळत नाही.

सगळे स्क्रू सुटले तरी कवच निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा चाकाच्या मागे लपलेला असतो. काही गाड्यांना तिकोनी खाचेचे स्क्रू असतात. त्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घुसवून खाच खराब करण्यापेक्षा तिकोनी बिट आणलेला बरा. कवच उचलताना सावकाश, पुस्तक उघडावं तसं एका बाजूने उघडा, कारण वरच्या भागातल्या दिव्याची किंवा स्पीकरची वायर खालच्या भागाशी जोडलेली असते आणि झटक्याने ती नव्याने तुटते.

दोष शोधणं

उघडल्यावर पहिली चाचणी सगळ्यात सोपी. चिमट्याने प्रत्येक वायर तिच्या टोकाजवळ धरून हलकेच ओढा. शाबूत वायर ताठ राहते. आतून तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते किंवा हातातच येते. निम्मे दोष इथेच सापडतात.

दुसरी चाचणी मोटरची. हातभर वायरीचे दोन तुकडे घ्या, दोन सेल एकामागे एक धरून त्यांच्या टोकांपासून थेट मोटरच्या दोन पायांना वीज द्या. गाडीत सर्किटची पाटी असेल तर आधी मोटरची एक वायर सोडवा, म्हणजे वीज उलट मार्गाने पाटीत शिरणार नाही. या गाड्यांत बहुतेक १३० आकाराची मोटर असते: दोन बाजू चपट्या, सुमारे २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटरचा दांडा, ३ व्होल्टपर्यंतच्या कामाची. ती फिरली की मोटर ठीक आहे. फिरली नाही तर दांडा बोटांनी दोन-तीन वेळा फिरवून पुन्हा वीज द्या. बरेच दिवस पडून राहिलेल्या मोटरचा आतला संपर्क मळतो आणि एवढ्याने सुटतो.

तिसरी चाचणी मीटरच्या बझरची, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्याची. ती सगळ्यांना माहीत असते, आणि तीच सगळ्यात जास्त फसवते. स्वस्त मीटरचा बझर वीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी वाजतो. आता हिशेब पाहा. ३ व्होल्टच्या वाटेत २० ओहमचा गंजका जोड आला, तर मोटर पूर्ण अडली तरी तिच्यातून ०.१५ अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही. डबे ओढत जागचं हलायला मोटरला त्याच्या कित्येक पट वीज लागते. म्हणजे बझर म्हणतो जोड ठीक, आणि गाडी उभीच. बझर वाजला नाही तर वायर तुटली आहे, एवढंच खात्रीने कळतं. वाजला म्हणून जोड चांगला आहे, असं मुळीच नाही.

म्हणून चौथी चाचणी करा, व्होल्ट कुठे गळतात ते पाहण्याची. सेल बसवा, स्विच चालू करा. चाकं फिरत असतील तर एका चाकावर बोटाने हलका दाब द्या, म्हणजे मोटरवर भार येईल. मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा आणि वीज ज्या वाटेने जाते त्या वाटेचा एकेक तुकडा मोजा: सेलच्या धातूच्या तोंडापासून पट्टीच्या पायापर्यंत, पट्टीच्या पायापासून वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत, स्विचच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत, असं मोटरपर्यंत. चांगल्या तुकड्यावर ०.०५ व्होल्टपेक्षा कमी दिसतं. जिथे ०.२, ०.५ किंवा पूर्ण ३ व्होल्ट दिसतील, तिथे दोष. पूर्ण ३ दिसले तर तो तुकडा अगदी तुटलेला आहे. २ व्होल्टच्या रेंजवर तेव्हा नुसता १ दिसेल. रेंज २० वर न्या. ही चाचणी बसवायला पाच मिनिटं लागतात, पण एकदा हाताला बसली की अंदाजाने वायरी उचकटणं बंद होतं.

सेलच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा

गंज काढताना सेल कुठल्या जातीचा होता ते आठवा. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते. वाळून तिची पांढरी भुकटी होते. ती व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने पुसा. थोडे बुडबुडे येतील. आपल्याकडे सर्रास विकले जाणारे साधे स्वस्त सेल झिंक-कार्बनचे असतात. त्यांची गळती आम्ल असते, तिला लिंबू लावून काही साधत नाही. तिथे खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. दोन्हींनंतर पाण्याने ओल्या केलेल्या कापसाने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. भुकटीला उघडा हात लावू नका आणि ती फुंकून उडवू नका, डोळ्यांत जाते.

मग पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत करा. बेताने घासा. वरचा निकेलचा मुलामा पूर्ण गेला की खालचं लोखंड पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. मुलामा गेलाच असेल तर सेलला टेकतो त्या जागी सोल्डरचा पातळ थर द्या. बसलेली स्प्रिंग पक्कडीने तीन-चार मिलिमीटर ओढून उंच करा. गंजून मोडायला आली असेल तर बदला. जुन्या रिमोटमधली स्प्रिंग बहुतेकदा बसते.

पट्टीला वायर लावायची असेल तर पट्टी खाचेतून वर ओढून बाहेर काढा आणि बाहेरच सोल्डर करा. ती खाचेत असताना गन लावली तर खाच वितळते, पट्टी डुगडुगते आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट जन्माला येतो. स्टीलच्या पट्टीवर सोल्डर गोळी होऊन घरंगळत असेल तर आधी ती जागा पॉलिश पेपरने खरवडा, थोडा रेझिन फ्लक्स लावा आणि गनचं टोक पट्टीवर तीन सेकंद टेकवून मग सोल्डर द्या. सोल्डर पट्टीने वितळलं पाहिजे, गनने नव्हे. पत्रा जोडायचा आम्लाचा फ्लक्स इथे वापरू नका. तो उरतो आणि बारीक तारा खातो.

वायर बदलणं आणि जोडणं

शक्य असेल तिथे वायर मध्ये न जोडता पूर्ण बदला. इंजिनातली वायर आठ-दहा सेंटिमीटरची असते. पूर्ण बदलायला आणि जोडायला वेळ सारखाच लागतो आणि एक जोड कमी होतो. तारा आतून काळ्या निघाल्या तर बदलण्यावाचून उपायच नाही. जुन्या वायरीपेक्षा दोन सेंटिमीटर लांब कापा.

टोक तीन-चार मिलिमीटरच सोला. सोललेल्या तारा बोटांनी वळा, गनचं टोक खालून लावा, वरून सोल्डर द्या आणि सोल्डर चढलं की लगेच गन काढा. मोटरच्या पायावरचं जुनं सोल्डर वितळवून वायरीचा तुटका तुकडा काढून टाका, पायाला नवं सोल्डर लावा. आता सोल्डर लावलेली वायर सोल्डर लावलेल्या पायावर ठेवून गन दोन सेकंद टेकवायची, उचलायची आणि गार होईपर्यंत वायर अजिबात हलू द्यायची नाही. मोटरचा पाय ज्या प्लॅस्टिकच्या झाकणात बसवलेला असतो, त्याच झाकणात आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे) असतात. गन पाच-सहा सेकंद टेकली की ते प्लॅस्टिक मऊ होऊन ब्रश सरकतो आणि चांगली मोटर मरते. दोन सेकंदांत जमलं नाही तर थांबा, अर्धा मिनिट गार होऊ द्या, परत करा.

चांगला जोड चकचकीत दिसतो आणि पायावर पसरलेला असतो. लेड-फ्रीचा थोडा मंद दिसतो, तो दोष नाही. पायावर गोळी बसल्यासारखा दिसला तर आत धरलेला नाही.

मोटरच्या दोन पायांमध्ये कधी १०४ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर असतो. तो मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट दाबतो. रिमोटच्या गाडीत तो परत लावाच. साध्या गाडीत तुटला तरी गाडी चालते, पण त्याचे वाकलेले पाय एकमेकांना टेकणार नाहीत हे पाहा.

मधेच जोड देणं भाग असेल, तर सगळ्यात आधी हीट श्रिंकचा दोन सेंटिमीटरचा तुकडा वायरीत ओवून जोडाच्या जागेपासून दूर सरकवा. हे विसरलं की पूर्ण जोड परत सोडावा लागतो. दोन्ही टोकं दहा-दहा मिलिमीटर सोला, एकमेकांवर फुलीसारखी ठेवा आणि प्रत्येक टोक दुसऱ्या वायरीभोवती गुंडाळा, म्हणजे जोड सरळ रेषेत आणि बारीक राहतो. दोन टोकं शेजारी धरून वेणीसारखी वळली तर ओढल्यावर ती उलगडते आणि वर शेंडी राहते, जी दुसऱ्या वायरीला टोचते. सोल्डर करा, एखादी तार टोचरी राहिली असेल तर कापा, स्लीव्ह वर आणा आणि गनची बाजू जवळून फिरवा. गन टेकवू नका. दोन वायरींचे जोड समोरासमोर न आणता एक-दीड सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. इन्सुलेशन टेप फक्त तात्पुरती. मोटरजवळच्या उबेने तिचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि चिकट राड गिअरमध्ये जाते.

स्विचच्या दोन पायांवर व्होल्ट गळत असतील तर आधी बदलू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब फटीत सोडा आणि दांडी पंधरा-वीस वेळा मागेपुढे करा. बहुतेक स्विच तेवढ्याने बरे होतात. बदलायचाच असेल तर त्याच आकाराचा तीन पायांचा सरकता स्विच घ्या. मधला पाय कायमचा, बाजूच्या दोनांपैकी एकच लागतो.

ताण काढणं

जोड झाला, पण ताठ आणि मऊ भागांची ती सीमा नव्या जोडातही आहेच. तिच्यावर हालचाल येऊ द्यायची नाही, यासाठीच हे काम. जोडापासून आठ-दहा मिलिमीटरवर, जिथे वायरीवर प्लॅस्टिकचं आवरण आहे तिथे, हॉट ग्लूचा वाटाण्याएवढा थेंब टाकून वायर कवचाला चिकटवा. आता ओढ त्या थेंबावर येते, जोडावर नाही. जोड आणि थेंब यांच्यामध्ये वायर थोडी सैल ठेवा. फेविक्विकसारखा झटपट गोंद इथे नको. तो तारांमध्ये शिरून वायर आणखी ताठ करतो, त्याच्या वाफेने प्लॅस्टिक पांढुरकं पडतं, आणि मोटरच्या दांड्याजवळ गेला तर मोटर जाम होते.

इंजिन आणि सेलचा डबा यांच्यामधली वायर हे या गाड्यांचं सगळ्यात दुबळं ठिकाण आहे. मुलं गाडी त्याच वायरीला धरून उचलतात. भोकातून आत आल्यावर वायरीला सैलसर गाठ मारा किंवा बारीक टाय बांधा, म्हणजे बाहेरून कितीही ओढली तरी गाठ भोकाला अडते. बाहेर वायरीची लांबी ठरवताना इंजिन एका बाजूला पूर्ण वळवा, मग दुसऱ्या बाजूला. जास्तीत जास्त ताणलेल्या स्थितीत दोन-तीन सेंटिमीटर सैल राहिली पाहिजे. याहून लांब ठेवली तर लोंबून चाकात जाते. जोडणीचा हूक नेहमी वायरीपेक्षा आखूड असावा. डबा ओढण्याचं काम हुकाचं आहे.

बंद करण्याआधी

कवच लावण्याआधी चाकांचे दांडे पाहा. घरातल्या फरशीवर चालणाऱ्या गाडीच्या दांड्यांना केस आणि गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतातच. ते ब्लेडने कापून चिमट्याने ओढा. अडलेल्या चाकाची मोटर कितीतरी जास्त वीज ओढते, वायर गरम होते, आवरण मऊ पडतं, आणि तुमचा नवा जोड त्याचीच शिक्षा भोगतो.

वीज मोजायची असेल तर लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर एका वायरीच्या मध्ये जोडा. दोन पेन्सिल सेलची गाडी रुळावर साधारण ०.२ ते ०.६ अँपिअर घेते. एकच्या वर जात असेल तर काहीतरी घासतंय किंवा कुठेतरी दोन उघड्या तारा टेकल्या आहेत. मोजून झालं की लाल प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. तसाच राहिला आणि पुढच्या वेळी सेलला लावला, तर मीटर सेल थेट शॉर्ट करतो.

आता वायरी कवचाच्या कडेने, गिअर आणि स्क्रूच्या खांबांपासून दूर बसवा, कवच हाताने दाबून धरा आणि स्क्रू लावण्याआधी स्विच चालू करून पाहा. कवच पूर्ण मिटत नसेल तर वायर चेपते आहे, स्क्रूने ओढून मिटवू नका. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा; हलका टक असा आवाज आला की जुना आटा सापडला, मग सुलटा फिरवा. यामुळे प्लॅस्टिकमध्ये नवा आटा पडत नाही आणि भोक मोठं होत नाही. सेलच्या झाकणाचा स्क्रू हरवला असेल तर दुसरा शोधून लावाच. खेळण्यात कुठेही बटण सेल असेल तर हे आणखी गंभीर आहे, कारण गिळलेला बटण सेल अन्ननलिका दोन तासांत भाजू शकतो. असं झाल्याची शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं.

सेल दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घेतलेले घाला. नवा आणि जुना एकत्र घातला की जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून वीज ढकलतच राहतो आणि जुना गळतो. गाडी महिनाभर खेळात नसेल तर सेल काढून ठेवा.

शेवटी सगळे डबे लावून गाडी रुळावर दहा मिनिटं चालवा. मग सेलचं झाकण, मोटरची जागा आणि डब्यामधली वायर बोटाने चाचपा. मोटर कोमट लागली तर ठीक. वायर गरम लागली तर गाडी थांबवा, सेल काढा आणि व्होल्ट गळतीची चाचणी सेलच्या तोंडापासून पुन्हा सुरू करा.